रॉयल्टी रुपयांतच हवी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्या संशोधक कारागिरांच्या हातात एकाच धाटणीचे करार दिसू लागले आहेत, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी नाशिकला पेटंट एजंट म्हणून काम करते. सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतले छोटे कारखानदार आणि पिंपळगाव-दिंडोरीकडचे वर्कशॉपवाले हे माझे अशील. यांतले बरेच जण कॉलेजात गेलेले नाहीत. पण लेथपाशी उभं राहून त्यांनी जे जुळवलेलं असतं ते ड्रॉइंगवर उतरवून घेताना मला दर वेळी अभिमान वाटतो. या माणसांना आता सांगितलं जातंय की पेटंटची रॉयल्टी रुपयांत घेऊ नका, आमच्या डिजिटल चलनात घ्या. आज जे हजार आहेत त्यांचे उद्या लाख होतील. हे फार नुकसानीचं आहे आणि त्याबद्दल मराठीत कुणी नीट बोललेलं मला दिसलं नाही.

एक उदाहरण देते. द्राक्षबागेत फवारणीसाठी ट्रॅक्टरमागे ब्लोअर लावतात हे नाशिककरांना सांगायला नको. माझ्या एका अशिलाने त्या ब्लोअरच्या नोझलच्या कड्यात बदल केला. मांडवाची उंची आणि पानांचा दाटवा पाहून कड्याचा कोन बसल्या जागेवरून बदलता येतो, औषध घडांवर बसतं आणि खाली मातीत कमी जातं. त्याला पेटंट मिळालं. अर्जाचे 1,600 रुपये, तपासणीच्या विनंतीचे 4,000, मग तिसऱ्या वर्षापासून दर वर्षीचं नूतनीकरण, असा वैयक्तिक अर्जदाराचा सरकारी खर्च त्याने एकदाही न चुकवता भरला. नूतनीकरणाची फी सुरुवातीला वर्षाला 800 रुपये असते आणि वाढत वाढत सोळाव्या वर्षापासून 8,000 होते. शहरातल्या कंपनीला ही रक्कम किरकोळ वाटेल. गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानाला ती दर वर्षी जाणवते.

एक कंपनी त्याच्याकडे ते यंत्र बनवून विकण्याचा परवाना मागायला आली. यंत्रामागे तीन टक्के रॉयल्टी कबूल केली, पण मसुद्यातल्या एका कलमात लिहिलं होतं की ही रॉयल्टी कंपनीच्या स्वतःच्या टोकनमध्ये, म्हणजे तिनेच काढलेल्या डिजिटल नाण्यांत, दिली जाईल. सोबत गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक होतं. त्यात या टोकनला ‘पेटंटचा आधार असलेलं चलन’ म्हटलं होतं. तो मला म्हणाला, “ताई, रोखीने द्यायला त्यांच्याकडं आत्ता पैसा नाही. पण हे वाढत जाणार म्हणतात.” मी विचारलं, “भाऊ, वाढलं नाही तर?” त्यावर तो गप्प बसला. त्याने विचार केला नव्हता असं नाही. त्याला विचारणारं कुणी नव्हतं.

आपण आकडे मांडून बघू. यंत्राची किंमत 1,80,000 रुपये धरली तर तीन टक्क्यांनी एका यंत्रामागे 5,400 रुपये होतात. वर्षात 40 यंत्रं विकली तर 2,16,000. ही रक्कम टोकनमध्ये आली तरी ती ज्या दिवशी हातात आली त्या दिवशीच्या भावाने त्याचं उत्पन्न धरली जाणार. भारतात विकसित केलेल्या आणि इथेच नोंदवलेल्या पेटंटच्या रॉयल्टीवर मूळ संशोधकाला 10 टक्क्यांचा सवलतीचा आयकर दर निवडता येतो. चांगली सोय आहे. म्हणजे कर झाला 21,600 रुपये, वर उपकर वेगळा. आता सहा महिन्यांत त्या टोकनचा भाव दहाव्या हिश्शावर आला असं समजा. त्याच्या मोबाइलमधल्या सगळ्या टोकनची किंमत मिळून उरली 21,600. जेवढा कर, तेवढीच शिल्लक. त्यात सरकार कर टोकनमध्ये घेत नाही, तो रुपयांतच भरायचा.

बरं, हा जो 1,94,400 रुपयांचा तोटा झाला तो दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येईल का? नाही येत. आभासी डिजिटल मालमत्तेच्या, म्हणजे अशा टोकन-नाण्यांच्या, व्यवहारांवर 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेला नियम स्पष्ट आहे: नफ्यावर सरसकट 30 टक्के कर, तोटा कशातूनही वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. शिवाय 1 जुलै 2022 पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का उगमकर (टीडीएस) कापला जातो. रुपयांतल्या रॉयल्टीवर 10 टक्के, टोकन वाढलं तर त्या वाढीवर 30 टक्के, पडलं तर सगळा भार आपल्या माथी. कायद्याने जी सवलत संशोधकाला दिली, ती हा करार त्याच्या खिशातून काढून घेतो. माहितीपत्रकात यातलं अवाक्षर नव्हतं.

भाव इतका पडतो कुठे, असं कुणी म्हणेल. मे 2022 मध्ये ‘लुना’ नावाचं नाणं 80 डॉलरच्या आसपास होतं आणि आठवडाभरात ते एका सेंटच्याही खाली गेलं. ते जगातल्या मोठ्या नाण्यांत मोजलं जात होतं. बिटकॉइनसारखं सगळ्यांत जुनं आणि जाणतं नाणंसुद्धा नोव्हेंबर 2021 मध्ये 69,000 डॉलरच्या जवळ होतं आणि वर्षभराने 16,000 च्या खाली आलं. पुढे ते सावरलं, चढलंही. पण ज्याला मार्चअखेर बँकेचा हप्ता आणि पोराची फी भरायची आहे त्याला ते सावरेपर्यंत थांबता येत नाही.

मुळात चलनाला किंमत येते कशी, हे या माणसांना कुणी समजावून सांगत नाही. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया घ्या. 1 डिसेंबर 2022 ला मुंबई, नवी दिल्ली, बंगळूर आणि भुवनेश्वर इथे सर्वसामान्यांसाठी त्याची चाचणी सुरू झाली. त्याआधी 2022 च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँक कायद्यातल्या नोटेच्या व्याख्येत डिजिटल रूपही घातलं गेलं. त्याची किंमत खिशातल्या नोटेएवढीच, कारण देणं रिझर्व्ह बँकेचं आहे. तो वाढत नाही, त्यावर व्याजही नाही. बिटकॉइनची गोष्ट वेगळी. एकूण 2 कोटी 10 लाखांच्या वर ती नाणी होणार नाहीत ही मर्यादा त्याच्या नियमांतच आहे. त्यामागे कुणाचं देणं नाही, घेणारा जे देईल तो भाव. पण एखाद्या कंपनीने स्वतः काढलेलं टोकन या दोन्हींत बसत नाही. किती काढायची ते कंपनी ठरवते, पहिली कुणाला द्यायची तेही कंपनीच ठरवते, आणि तीच तुमची देणेकरी असते. जो देणं लागतो त्याच्याच हातात छापखाना. कारखान्याच्या कॅन्टीनची कुपनं पगार म्हणून कुणी घेईल का? कॅन्टीनमध्ये ती चालतात, दाराबाहेर कुणी विचारत नाही.

‘पेटंटचा आधार’ या शब्दांवर मला विशेष बोलायचं आहे, कारण हा माझ्या कामाचा विषय आहे. पेटंट म्हणजे दुसऱ्याला थांबवण्याचा अधिकार. तो अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं टिकतो, तोही नूतनीकरणाची फी भरत राहिलात तर. पेटंट मंजूर झाल्याचं प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभर कुणीही संबंधित व्यक्ती त्याला हरकत घेऊ शकते, आणि त्यानंतरही ते रद्द करण्याची मागणी होऊ शकते. दर वर्षी आयुष्य कमी होत जाणारा असा हा हक्क आहे. त्यातून जे उत्पन्न येतं ते यंत्र विकलं गेलं तर आणि तेव्हाच येतं. मग यंत्राच्या विक्रीतला रुपया संशोधकाला न देता टोकन दिलं, तर त्या टोकनला आधार कशाचा? त्याच्याच पेटंटचा आधार त्याच्याच रॉयल्टीला दाखवायचा, आणि मधला रुपया कंपनीकडे ठेवायचा, असा हा व्यवहार होतो.

त्या माहितीपत्रकात बिटकॉइनचा दाखला दिलेला होता: बघा, एका संशोधकाच्या कल्पनेला जगाने केवढी किंमत दिली! हा दाखला उलटा आहे आणि तो वाचून मला राग आला. सातोशी नाकामोतो या नावाने ज्याने कुणी 31 ऑक्टोबर 2008 ला तो नऊ पानी शोधनिबंध पाठवला, त्याने त्यावर पेटंट घेतलं नाही. प्रोग्राम खुल्या परवान्याने सगळ्यांना दिला. जानेवारी 2009 मध्ये बिटकॉइनच्या नोंदवहीतला पहिला ब्लॉक, म्हणजे पहिलं पान, तयार झाला तेव्हापासून आजपर्यंत बिटकॉइन वापरणाऱ्याने त्याला रॉयल्टी म्हणून एक पैसाही दिलेला नाही.

उलट ज्यांनी डिजिटल पैशावर पेटंट घेतलं त्यांचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. डेव्हिड चॉम या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने 1982 मध्येच ‘अंध स्वाक्षरी’ची पद्धत मांडली. बँकेला नाण्याचा अनुक्रमांक न दिसता ती त्यावर सही करते, म्हणून खर्च करणाऱ्याची ओळख झाकलेली राहते. 1988 मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्याने डिजिकॅश ही कंपनी काढली, सेंट लुइसमधल्या एका बँकेने 1995 पासून त्याचा ई-कॅश ग्राहकांना दिलासुद्धा. 1998 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. कल्पना अस्सल होती, पेटंट पक्कं होतं, पण ते पैसे घेणारे दुकानदार पुरेसे जमले नाहीत. पेटंटने चलनाला किंमत येत नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नसेल.

दुसरा क्लाउस श्नॉर, फ्रँकफुर्टचा प्राध्यापक. त्याची डिजिटल सहीची पद्धत सुटसुटीत आणि देखणी. 1991 मध्ये त्याला अमेरिकी पेटंट मिळालं. जगाने काय केलं? त्याला रॉयल्टी देण्याऐवजी वळसा घातला. अमेरिकी सरकारने दुसरीच पद्धत प्रमाण म्हणून आणली, आणि त्याच वळणाची एक पद्धत पुढे बिटकॉइननेही सुरुवातीला वापरली. श्नॉरचं पेटंट फेब्रुवारी 2008 मध्ये संपलं. त्याची सहीची पद्धत बिटकॉइनमध्ये आली ती नोव्हेंबर 2021 मध्ये, म्हणजे रॉयल्टीचा हक्क संपून तेरा वर्षांनंतर. माझ्या अशिलांना मी ही हकिगत मुद्दाम सांगते. पेटंट घेऊ नका असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझं पोट त्यावर आहे आणि माझा त्यावर विश्वासही आहे. पण पेटंटातून पैसा येतो तो नीट लिहिलेल्या परवान्यातून आणि वेळेवर मिळालेल्या हिशेबातून. चलनाच्या भावाशी त्याचं नातं जोडलं की दोन्हीकडची जोखीम एकाच माणसाच्या डोक्यावर येते.

रॉयल्टी कशी ठरवावी याचा एक नमुना आपल्याच मुंबईच्या पेटंट कार्यालयातून निघालेला आहे. बायर कंपनीचं नेक्सावार हे मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरचं औषध महिन्याला सुमारे 2,80,000 रुपयांना पडत होतं. 9 मार्च 2012 ला पेटंटचे तेव्हाचे महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाची संमती नसताना ते औषध बनवण्याची परवानगी, दिला, आणि तेच औषध महिन्याला 8,880 रुपयांना द्यायचं ठरलं. रुग्णांच्या बाजूने हा आदेश सगळ्यांच्या लक्षात राहिला. माझ्या लक्षात त्याची दुसरी बाजूही आहे: पेटंटधारकाला निव्वळ विक्रीच्या 6 टक्के रॉयल्टी, दर तिमाहीला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने सुचवलेली चार टक्क्यांच्या दोन खाली-दोन वरची चौकट समोर ठेवून त्यातली वरची मर्यादा दिली होती. 2013 मध्ये अपिलात ती 7 टक्के झाली. परवाना जबरदस्तीने घेतला तरीसुद्धा पेटंटधारकाला विक्रीच्या प्रमाणात, ठरलेल्या मुदतीत आणि खऱ्या पैशात वाटा मिळाला पाहिजे, हे सरकारने मान्य केलं. जर्मनीच्या बलाढ्य कंपनीला जे मिळतं ते पिंपळगावच्या वर्कशॉपवाल्याला राजीखुशीच्या करारात का मिळू नये?

टोकनची भूल पडते ती लोभाने, असं मला वाटत नाही. आपल्याकडे संशोधकाला मोबदला मिळालेला लोकांनी पाहिलेलाच नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात वेगळी दिसलेली भाताची लोंबी जपून एचएमटी हे वाण तयार केलं. घड्याळाचं नाव लागलेला तो तांदूळ कुठल्या कुठे पोचला, विदर्भाबाहेरही खाल्ला जातो. सत्कार झाले, मानपत्रं मिळाली. पण उतारवयात औषधपाण्यासाठी त्यांची ओढाताण झाली आणि जून 2018 मध्ये ते गेले. वाणांना पेटंट कायदा लागू होत नाही, त्यांचा कायदा निराळा आहे, तोही 2001 चा. त्यांचं काम त्याच्या कितीतरी आधीचं. पण माझ्याकडे येणारा प्रत्येक जण अशी एखादी गोष्ट ऐकून आलेला असतो. रुपयांत काही मिळणारच नाही अशी त्याची खात्री असते, म्हणून जे मिळतंय ते तो घ्यायला तयार होतो. त्याच्या या हताशपणाचा फायदा उठवला जातोय, हे मला सहन होत नाही.

ज्यांच्या हातात असा करार आहे त्यांना माझं सांगणं आहे. परवाना लेखीच हवा, कायदा तोंडी परवाना मानत नाही. आणि त्याची पेटंट कार्यालयात नोंद करून घ्या, नाहीतर उद्या कोर्टात तो पुरावा म्हणून उभा करताना अडचण येते. रॉयल्टी निव्वळ विक्रीवर आणि रुपयांत लिहून घ्या. यंत्रं विकली गेली नाहीत तरी वर्षाकाठी किमान अमुक रक्कम, हे कलम सोडू नका, कारण काही कंपन्या परवाना घेतात तो तुमचं यंत्र बाजारात येऊ नये म्हणूनच. प्रत्येक यंत्रावर अनुक्रमांकाची पाटी, दर तिमाहीला जीएसटीच्या बिलांची यादी आणि वही तपासायचा हक्क, एवढं असलं की लपवाछपवी अवघड होते. कंपनीच्या वाढीत वाटा हवाच असेल तर शेअर मागा. शेअरधारकाला कंपनी कायद्याने काही हक्क आहेत, टोकनधारकाला मसुद्यात लिहिलेले तेवढेच, आणि मी पाहिलेल्या मसुद्यांत एकही लिहिलेला नव्हता.

डिजिटल तंत्राला माझा विरोध नाही, उलट ते योग्य ठिकाणी यावं अशी माझी इच्छा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल रुपयात ठरावीक कामासाठीच खर्च होईल अशी अट घालण्याची सोय आणण्याचं जाहीर केलं. तसंच पाऊल पुढे टाकून यंत्राचं बिल फाडलं की त्यातले तीन टक्के आपोआप संशोधकाच्या खात्यात वळतील अशी व्यवस्था का करू नये? तिथे डिजिटल चलनाचा खरा उपयोग आहे. पैसा रुपयाचाच, फक्त तो वाटेत अडत नाही आणि मोजणी कंपनीच्या मर्जीवर राहत नाही. केंद्राच्या उद्योग विभागाने आणि रिझर्व्ह बँकेने नाशिक किंवा इचलकरंजीसारख्या एका औद्योगिक वसाहतीत याची चाचणी घ्यावी. माझे अशील त्यात पहिले नाव नोंदवतील.

आणखी दोन मागण्या आहेत. जुन्या करप्रणालीत पेटंटच्या रॉयल्टीवर 3 लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते, नव्या प्रणालीत नाही. नवी प्रणाली हीच आता मूळ धरली जाते, त्यामुळे छोट्या संशोधकाच्या हातून ही वजावट नकळत निसटते. ती नव्या प्रणालीतही द्यावी. आणि मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनाने, म्हणजे पेटंट कार्यालयाने, परवान्याचा एक नमुना करारनामा मराठीतून प्रसिद्ध करावा, ज्यात रॉयल्टी रुपयांत, तिमाहीने आणि तपासणीच्या हक्कासह लिहिलेली असेल. असा नमुना हातात आला तर वर्कशॉपमधला माणूस समोरच्या कंपनीला निदान विचारू शकेल की तुमच्या मसुद्यात हे कलम का नाही.

आपली,
एक पेटंट एजंट, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे)